बेळगाव-खानापूरकडे एवढा पाऊस पडतो, मग रुबी फॉल्ससारखा जमिनीखालचा धबधबा आपल्याकडे का नाही? बंद खाणीत तरी बघायला मिळेल का?

नुसत्या पावसानं भागत नाही, दगडही तसा लागतो. अमेरिकेतला 44 मीटरचा रुबी फॉल्स चुनखडीच्या डोंगरात आहे, 1928 साली सापडला. किंचित आम्लधर्मी पाणी चुनखडी विरघळवत चिरा रुंद करत जातं. बेळगावचा काळा पाषाण तसा विरघळत नाही. यादवाड-लोकापूरकडे चुनखडी आहे, तर तिकडे पाऊस तुटपुंजा.

खाणीतल्या धबधब्याचं कौतुक मला बघवत नाही. शाफ्ट, म्हणजे खाणीत उतरायची उभी विहीर, खणताना पाण्याची चीर कापली गेली की भिंतीतून धार सुटते. ती केबल भिजवते, दोर गंजवते, सोबत हवा खाली ओढून वायुवीजन बिघडवते. "पाणी तळाला येऊ दे, एकच मोठा पंप लावू" म्हणणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे. हिशेब बघा. 200 लिटरचं बॅरल 40 सेकंदांत भरलं, म्हणजे सेकंदाला 5 लिटर. 100 मीटर खोलीवरून ते उपसायला, पंपाची कार्यक्षमता 60 टक्के धरली, तर दिवसाला 196 युनिट. पाणी 30 मीटरवर लागलं आणि तिथंच अडवलं, तर 59. उरलेले 137 युनिट रोज फुकट जातात.

अडवायचं कसं? चिरेच्या खाली भिंतीला गोल पन्हळ घ्यायची, तोंडाकडे उतार ठेवायचा, तिथून पाइपनं बाजूच्या टाकीत आणि टाकीवर पंप. धार भिंतीपासून उडत असेल तर पन्हळीच्या वर पत्र्याची झालर लावा, नाहीतर निम्मं पाणी पन्हळीत न पडता खालीच जातं. तोंडं दोन ठेवा. लोहाचं पाणी असलं की लाल गाळ साचून एक तोंड तुंबतंच, आणि मग पन्हळ भरून सगळीकडून सांडते. गाळ काढायला हात जाईल एवढी झडप हवीच.

बंद खाणीत मात्र बघायला जाऊ नका. हवेत प्राणवायू कमी असला तर कळायच्या आत माणूस कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही.

आणि हो, पाझर अगदीच बारीक असेल, बॅरल भरायला सात-आठ मिनिटं लागत असतील, तर वेगळी टाकी-पंप परवडत नाही. तेवढं पाणी पाइपनं भिंतीलगत तळाला सोडा, फक्त मोकळं पडू देऊ नका.