स्पेक्ट्रोचा कॉम्प्युटर बदलू देऊ नका

शिरोलीतल्या तुमच्या फौंड्रीत नवीन आलेला आयटीवाला, विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणून लॅबमधल्या स्पेक्ट्रोमीटरचाही (धातूत कुठला घटक किती ते सांगणारं मशीन) कॉम्प्युटर बदला म्हणतोय आणि मालकांना ते पटलंय, असं तुम्ही लिहिलंय. माझं मत स्पष्ट आहे. ऑफिसातले बदला, स्पेक्ट्रोचा नको.

सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं. जिथं टॅली चालते, बँकेचे व्यवहार होतात, मेल उघडतात, तिथं त्या पोराचं बरोबरच आहे. पण स्पेक्ट्रोला जोडलेला कॉम्प्युटर हा त्या मशीनचाच भाग असतो. सॉफ्टवेअर, डोंगल (सॉफ्टवेअरच्या परवान्याची किल्ली), सिरीयल पोर्ट (केबल जोडायची जुन्या पद्धतीची जागा), कॅलिब्रेशनचा (आकडे अचूक यावेत म्हणून केलेल्या जुळवणीचा) डेटा, सगळं एकमेकांत अडकलेलं.

गोकुळ शिरगावात एका ठिकाणी हे मी डोळ्यांनी बघितलंय. नव्या कॉम्प्युटरला सिरीयल पोर्टच नव्हता, म्हणून यूएसबीचा कन्व्हर्टर लावला. सकाळची पहिली हीट, म्हणजे भट्टीभर वितळलेलं लोखंड, तयार. मेल्टरनं (भट्टी सांभाळणाऱ्यानं) चिल सॅम्पल, म्हणजे झटपट गोठवलेला नमुना, ओतलं, लॅबच्या पोरीनं ते घासून स्पेक्ट्रोवर तपासायला स्पार्क मारला आणि कनेक्शन तुटलं. परत मारला, परत तेच. इकडं लोखंड भट्टीत थांबलेलं, वीज फुकट जळतेय, कार्बन उतरतोय, मोल्डिंगवाले बॉक्स लावून उभे. बसवणारा फोनवरून 'रिस्टार्ट करून बघा' म्हणत होता. त्यानं भट्टी कधी बघितलीच नव्हती. मला राग त्याचा नाही आला, त्याला न दाखवताच कामाला लावणाऱ्यांचा आला.

आधी विंडोजची आवृत्ती बघा. मशीनसोबत विंडोज १० आयओटी एंटरप्राइज एलटीएससी २०२१ ही जास्त काळ सपोर्ट असलेली खास आवृत्ती आली असेल, तर तिचा सपोर्ट जानेवारी २०३२ पर्यंत आहे. हे त्यानं तपासलंय का, विचारा. ती आवृत्ती नसेल, तर तो कॉम्प्युटर इंटरनेट आणि ऑफिसच्या नेटवर्कपासून तोडा, बाहेरचा पेन ड्राइव्ह लावू देऊ नका. खरी भीती जुनी हार्ड डिस्क बंद पडण्याची आहे. तिची पूर्ण इमेज (जशीच्या तशी नक्कल) काढा, दुसऱ्या डिस्कवर टाका आणि सुट्टीच्या दिवशी त्या डिस्कवरून मशीन चालवून बघा. नुसती इमेज काढून कपाटात ठेवली तर ऐनवेळी ती चालेलच असं नाही.

तरी मालक ऐकले नाहीत, तर नवीन विंडोजवर सॉफ्टवेअर चालतं असं मशीन बनवणाऱ्या कंपनीकडून लेखी घ्या. जुना सेट लगेच मोडू नका. एकाच स्टँडर्ड सॅम्पलवर (ज्याचे आकडे आधीच माहीत आहेत अशा नमुन्यावर) दोन्हीकडचे आकडे जुळवा. आणि त्या पोराला एक पाळी मेल्टरसोबत भट्टीवर उभं करा.