मुलांना घेऊन कात्रजचं प्राणिसंग्रहालय आणि माणिकडोहचं बिबट्या केंद्र दोन्ही बघता येईल का?

कात्रज जरूर बघा, फक्त बुधवार टाळा. त्या दिवशी राजीव गांधी प्राणिसंग्रहालय बंद असतं. आवार सुमारे 130 एकरांचं आहे, त्यामुळे सकाळी उघडताच आत शिरा. दुपारच्या उन्हात वाघ सावलीत पडून असतात आणि मुलं कंटाळतात. सर्पोद्यानाला मात्र घाई करू नका. नाग, घोणस, मण्यार, फुरसं हे आपले चार प्रमुख विषारी साप मुलांना ओळखता यायलाच हवेत. काचेवर टकटक करू देऊ नका, प्लीज.

माणिकडोहचं तसं नाही. जुन्नरजवळचं हे केंद्र जखमी, विहिरीत पडलेल्या, पकडलेल्या बिबट्यांसाठी आहे. तिकीट काढून फिरायची जागा नव्हे. जायचंच असेल तर आधी जुन्नर वन विभागाकडे विचारा. तिथलं काम मुलांना नक्की सांगा. ऊसतोडीत बछडी सापडली की त्यांना तपासून संध्याकाळी त्याच शेतात क्रेटमध्ये ठेवतात, आणि बऱ्याचदा आई रात्री येऊन त्यांना घेऊन जाते. परवानगी नाही मिळाली तर हट्ट धरू नका. माणसांची वर्दळ त्या बिबट्यांना खरोखर त्रासदायक असते. शिवनेरी जवळच आहे, दिवस तिकडे घालवा.