गेघार्दला जाण्यापूर्वी

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद. येरेवानला मेडिकलला गेल्यापासून तुझं हे पहिलंच लांबलचक पत्र, आणि त्यात कॉलेजपेक्षा गेघार्द या कड्यालगतच्या आर्मेनियन मठाचीच चौकशी जास्त, हे पाहून बरं वाटलं. एका दिवसात गार्नी, गेघार्द आणि सेवान तलाव असं तिन्ही उरकायचा मैत्रिणींचा बेत आहे म्हणतेस. सेवान वगळा. गार्नीचं देऊळ वाटेतच आहे, तेव्हा बघालच. १६७९च्या भूकंपात ते कोसळलं आणि गेल्या शतकात पुन्हा उभं केलं. तिथे तास पुरे. मिनीबस गार्नीपर्यंत मिळते, पुढच्या साधारण १० किलोमीटरला टॅक्सी. आझात नदीची घळ खोल आहे, त्यामुळे भर दुपारी ऊन वर असताना पोहोचा. का, ते पुढे सांगतो.

एक सवय इथेच सोडून जा. आपण लेण्यांच्या मुलखातली माणसं. डोंगरात कोरलेलं काही दिसलं की "हे तर आपल्या वेरूळसारखंच" म्हणून मोकळे होतो. तसं म्हटलं की बघणं थांबतं. कैलास बाहेरून सुटा केलेला आहे, त्याला प्रदक्षिणा घालता येते. गेघार्दच्या कोरीव चर्चना बाहेरचं रूपच नाही. बाहेर नुसता कडा, आत सगळं.

आवारात शिरल्यावर समोर कातोघिके दिसेल, १२१५ सालचं मुख्य चर्च. ते कोरलेलं नाही, चिरे रचून बांधलंय. त्याच्या पश्चिमेला कड्याला टेकलेलं सभागृह आहे, त्याला तिथे गवित म्हणतात. तेही बांधीवच. लोक इथून घाईने पुढे जातात, तू जाऊ नकोस. मान वर करून छत बघ. मधोमध उजेडासाठी झरोका आणि भोवती मधाच्या पोळ्यासारखी नक्षी, थरावर थर. हे छत डोळ्यांत नीट साठवून घे आणि मगच उत्तरेच्या दारातून कड्याच्या पोटात शिर.

पहिलं कोरीव चर्च अवाझान, १२४०च्या दशकातलं. आत जाताच काही दिसणार नाही. मोबाइलचा टॉर्च लावू नकोस. दोन-तीन मिनिटं उभी राहा, वरच्या झरोक्यातला उजेड पुरतो. भर दुपारी जा म्हटलं ते यासाठी. आता छत बघ: एकमेकींना छेदणाऱ्या कमानी, मधे निमुळता घुमट, तीच थरांची नक्षी. बाहेरच्या बांधीव गवितमध्ये कमानी छताचा भार पेलत होत्या. इथे पेलायला काहीच नाही, सगळा एकसंध खडक आहे. तरीही पाथरवटाने कमानी कोरल्या, कारण त्याच्या डोळ्यांना चर्च म्हणजे तेच रूप माहीत होतं. भाज्याला आपण लाकडी घराची नक्कल दगडात पाहिली होती, आठवतं? तिथे लाकडाची नक्कल दगडात, इथे बांधीव दगडाची नक्कल कोरीव दगडात. वेरूळशी तुलना करण्यापेक्षा हा धागा मला जास्त मोलाचा वाटतो.

आणखी एक. घुमटाच्या बुडाशी, डाळिंबांच्या नक्षीजवळ, घडवणाऱ्याचं नाव कोरलंय: गाल्द्झाक. तुला आर्मेनियन लिपी वाचता येऊ लागली असेल तर शोध. कैलास आपण राष्ट्रकूट राजाच्या नावाने सांगतो, छिन्नी धरणाऱ्याचं नाव घेत नाही. म्हणून मला ते अक्षर न् अक्षर बघावंसं वाटलं.

अवाझानमध्ये एक झरा आहे. ख्रिस्ती धर्म येण्याआधीपासून तो पवित्र मानला जात होता आणि चौथ्या शतकात, आर्मेनियाला ख्रिस्ती करणाऱ्या संत ग्रेगरीने तिथेच मठ स्थापला अशी परंपरा आहे. लोक ते पाणी तीर्थासारखं पितात, बाटल्यांत भरून नेतात. तूही पी, फक्त आज्यांच्या रांगेत घुसू नकोस. गेघार्द म्हणजे भाला. ख्रिस्ताच्या कुशीत खुपसलेला भाला म्हणून जो पूजतात तो पूर्वी इथे होता, आता आर्मेनियन चर्चचं मुख्य पीठ असलेल्या एच्मिआद्झिनच्या संग्रहात आहे.

शेजारचं दालन प्रोश या सरदार घराण्याच्या थडग्यांचं, १२८३ सालचं. तिथल्या भिंतीवर साखळीने बांधलेले दोन सिंह आणि खाली पंजात कोकरू धरलेला गरुड आहे. फोटो सगळे याचाच काढतात, तूही काढशील. पण वेळ राखून ठेव वरच्या दालनासाठी. बाहेरच्या पायऱ्या चढून अरुंद बोगद्यातून आत जावं लागतं, म्हणून बरेच जण ते टाळतात. १२८८ सालचं हे दालन पापाक आणि रुझुकान या दांपत्याचं. चार जाड खांब कोरताना खडकातच राखलेले. जमिनीत एक भोक आहे, त्यातून खालचं दालन दिसतं. इथे आवाज विलक्षण घुमतो. गावंसं वाटलं तर एकच सूर लावून थांब, विरेपर्यंत दुसरा लावू नकोस. मात्र खाली प्रार्थना चालू असेल तर अजिबात नाही. हे पुरातत्त्व खात्याचं तिकीट काढून बघायचं लेणं नव्हे, चालतं चर्च आहे; रविवारी तर असतेच प्रार्थना. डोक्यावर ओढणी घे. बाहेर पडताना तिथले लोक वेदीकडे पाठ न करता मागे मागे येतात, तेव्हा दारात घोळका करून उभ्या राहू नका.

बूट चांगल्या पकडीचे घाल, हिवाळ्यात त्या पायऱ्यांवर बर्फ असतो. बाहेर गाता नावाची गोड रोटी विकणाऱ्या बायका बसतात. त्यांच्याशी तुझं मोडकंतोडकं आर्मेनियन बोलून बघ.

आणि त्या न पेलणाऱ्या कमानींबद्दल तुला वेगळं काही वाटलं तर सविस्तर लिही. माझं म्हणणं खोडून काढलंस तरी चालेल, फक्त फोटो जोडून पाठव.

तुझे सर