कुलूप लावले होते का?

गेल्या पावसाळ्यात ५२ वर्षांच्या एक शिक्षिका माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत). त्यांच्या आईला स्मृतिभ्रंश झाला होता आणि आता आपलीही पाळी आली, या भीतीने त्यांची झोप उडाली होती. घराला कुलूप लावून जिना उतरला, की ‘कुलूप लावले होते का?’ अशी शंका येई आणि त्या पुन्हा वर जात. रक्तदाबाची गोळी घेतली की नाही, हेही त्यांना नक्की सांगता येत नसे.

मी आधी त्यांना डॉक्टरांकडे पाठवले, कारण थायरॉइडचा विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा अपुरी झोप यांमुळेही विसरभोळेपणा येतो आणि त्यावर समुपदेशन हा उपाय नव्हे. तपासण्यांत काही निघाले नाही. मग मी विचारले, “कुलूप लावताना तुम्ही काय करत असता?” क्षणभर विचार करून त्या म्हणाल्या, “फोन खांद्याने कानाशी धरलेला असतो आणि डोक्यात दहावीचे पेपर.” त्यांच्या तक्रारीचा उलगडा या उत्तरातच होता: जे मनाने टिपलेच नाही, ते आठवणार कोठून?

मोबाइलवरील ॲप लावून त्या दहा-दहा मिनिटे ध्यानाला बसल्याही होत्या. मात्र विचार थांबत नाहीत, म्हणून ‘हे आपले काम नव्हे’ असे ठरवून त्यांनी तो नाद सोडला होता. हा गैरसमज माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांचा असतो. मन भटकणारच, ते भटकल्याचे लक्षात येणे आणि त्याला परत आणणे, हाच तर सराव. जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेत रुग्णांसाठी सुरू केलेल्या आठ आठवड्यांच्या सजगतेच्या (म्हणजे चालू क्षणाकडे जाणीवपूर्वक लक्ष देण्याच्या) कार्यक्रमातही डोळे मिटून बसण्याबरोबरच खाणे-चालणे यांसारख्या रोजच्या क्रिया सरावासाठी घेतल्या जातात.

आम्ही एकच क्रिया निवडली, कुलूप लावण्याची. फोन पर्समध्ये ठेवायचा, किल्लीचा गार स्पर्श जाणवू द्यायचा, ‘खट्’ आवाज ऐकायचा, कुलूप एकदा ओढून पाहायचे आणि निघायचे. परत वर जायचे नाही, ही माझी अट त्यांना जाचक वाटली. पण वारंवार तपासल्याने खात्री वाढत नाही, उलट ती डळमळते. (हीच शंका कोणाला दिवसातून दहा-वीस वेळा मागे खेचत असेल, तर ती वेगळी व्याधी असू शकते; त्यासाठी मनोविकारतज्ज्ञांना भेटावे.)

पहिल्या आठवड्यात त्या दोनदा परत गेल्या, दुसऱ्या आठवड्यात एकदाही नाही. किल्ली दोन वेळा फिरते आणि दुसऱ्या फेऱ्यात किंचित अडते, हे त्या घरात बारा वर्षे राहून त्यांना प्रथमच कळले होते. गोळीसाठी मात्र मी त्यांना सात कप्प्यांची डबी आणायला लावली. औषधाच्या बाबतीत केवळ सजगतेवर विसंबणे मला पटत नाही.