ज्वालामुखीचा वायू डोळ्यांना दिसत नाही, मग कॅमेरा नेमकं काय टिपतो?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: न दिसणारा वायू लांबून इन्फ्रारेड कॅमेऱ्याने कसा मोजतात, आणि वायू कमी झाला म्हणजे धोका टळला असं धरायचं का.

डोंगरमाथ्यावर जो पांढरा लोट दिसतो, तो बहुतेक पाण्याचा. ज्वालामुखीतून सर्वांत जास्त निघतात ते वाफ आणि कार्बन डायऑक्साइड. पण दोन्ही हवेत मुळातच इतके असतात की त्यातला ज्वालामुखीचा वाटा वेगळा काढणं फार कठीण. सल्फर डायऑक्साइडचं तसं नाही. स्वच्छ हवेत तो नावालाच असतो, म्हणून सगळी भिस्त त्याच्यावर.

हा वायू साधारण ८.६ मायक्रॉन तरंगलांबीच्या उष्णताकिरणांना (म्हणजेच इन्फ्रारेड किरणांना) शोषतो आणि त्याच तरंगलांबीला स्वतः किरण सोडतोही. जमिनीवरून वर पाहिलं तर लोटाच्या मागे निरभ्र, अतिशय थंड आकाश असतं. त्यापुढे वायू उबदार, म्हणून तो उजळ दिसतो. उपग्रह वरून पाहतो तेव्हा उलट होतं: खाली उबदार समुद्र, मध्ये थंड वायू, म्हणून तिथे तो काळपट. अंदमानातल्या बॅरन बेटासारख्या निर्मनुष्य ज्वालामुखीसाठी ही वरची नजर फार मोलाची.

मी इटलीतल्या एटना ज्वालामुखीच्या उतारावर असा कॅमेरा लावून रात्री काढल्या आहेत. कॅमेऱ्यापुढे आलटून पालटून दोन फिल्टर येतात, एक ८.६ चा आणि दुसरा जिथे या वायूचा परिणाम होत नाही असा. दोन्ही चित्रांतल्या फरकावरून प्रत्येक ठिपक्यामागे किती वायू आहे ते काढतात. मग लोटाला आडवी रेघ मारून तिच्यावरचा सगळा वायू मोजायचा आणि लोटाच्या वेगाने गुणायचं. वेगही चित्रांतूनच मिळतो, वायूचा एखादा पुंजका एका चित्रातून पुढच्या चित्रात किती सरकला ते पाहून. सेकंदाला १ किलो म्हणजे दिवसाला ८६.४ टन.

खरी डोकेदुखी पाण्याची, म्हणजे हवेतली वाफ आणि ढग यांची: त्यांच्यामुळे मागचं आकाश तितकं थंड दिसत नाही. लोटाचं आणि मागच्या आकाशाचं तापमान जवळजवळ सारखं झालं, तर वायू असूनही काही दिसत नाही. एकदा मध्यरात्री खालून ढग चढला आणि पहाटेपर्यंत स्क्रीनवर नुसता राखाडी पडदा. त्या तासांचे आकडे आम्ही टाकून दिले, आणि टाकायलाच हवे होते. अतिनील किरणांचे कॅमेरे सहसा अधिक अचूक असतात, पण त्यांना सूर्यप्रकाश लागतो. रात्र इन्फ्रारेडचीच.

लांबून मोजण्याचा आग्रह का, हे कोलंबियातल्या गालेरासवरून कळतं. १४ जानेवारी १९९३ रोजी काही शास्त्रज्ञ विवरात उतरून वायूचे नमुने घेत असताना स्फोट झाला. ९ जण गेले, त्यांत ६ शास्त्रज्ञ होते. ते वाचलं की मला आजही गलबलतं. नमुन्यांची गरज संपलेली नाही, पण रोजच्या मोजणीसाठी माणसाला तिथे पाठवायची वेळ येऊ नये.

आता दुसरा प्रश्न. फिलिपाइन्समधल्या पिनाटुबोवर १३ मे १९९१ ला दिवसाला सुमारे ५०० टन सल्फर डायऑक्साइड निघत होता. २८ मेला तो ५,००० टनांवर गेला. (ती मोजणी अतिनील उपकरणाची, अशी उपकरणं मुळात कारखान्यांच्या धुरासाठी केलेली.) जूनच्या पहिल्या आठवड्यात आकडा ३०० टनांच्या खाली आला. वायूची वाट बुजली असावी आणि आत दाब वाढत असावा, असा अर्थ तिथल्या शास्त्रज्ञांनी लावला. आजूबाजूची हजारो माणसं वेळेत हलवली गेली, आणि १५ जूनला विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक झाला.

तेव्हा नाही, वायू घटला एवढ्यावरून धोका टळला असं धरू नका. आमच्याकडे रात्री आकडा एकदम उतरला, की आम्ही आधी ढग आहे का ते पाहायचो आणि लगेच भूकंपमापकाचा आलेख उघडायचो.