१९६३च्या ‘द हाँटिंग’ या सिनेमात भूत दिसतच नाही, तरी तो इतका भीतिदायक का वाटतो?

कारण भीती त्या झपाटलेल्या म्हटल्या जाणाऱ्या घरातून येतेय की तिथे राहायला आलेल्या नायिकेच्या, एलेनॉरच्या मनातून, हे दिग्दर्शक रॉबर्ट वाइज शेवटपर्यंत ठरवू देत नाही. भूत एकदा दिसलं की त्याची मापं कळतात. इथे भिंतीपलीकडून धक्के ऐकू येतात, बंद दार आतल्या बाजूला फुगतं, बस्स. सगळ्यात जबरदस्त प्रसंग हाताचा: अंधारात एलेनॉरला वाटतं की आपण सोबतच्या थिओचा हात घट्ट धरलाय, आणि दिवा लागतो तेव्हा थिओ बरीच लांब असते. आईच्या आजारपणात वर्षानुवर्षं अडकलेली, हक्काचं घर नसलेली ही बाई त्या वास्तूलाच आपलं मानू लागते. मला तरी त्याचीच जास्त भीती वाटते. मात्र तिच्यात जीव गुंतला नाही, तर सिनेमा संथ वाटू शकतो.