वाचकांचे प्रश्न : साम्यवादाला बांध घालायला निघालेली अमेरिका

मागच्या अंकात शीतयुद्ध कसं सुरू झालं यावर थोडं लिहिलेलं, त्यावर इतकी पत्रं आणि मेल आलेत की सगळ्यांना या एका अंकात उत्तर देणं शक्य नाहीये. जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते घेतलेत, आणि एक सातवीतल्या मुलाचा घेतलाय कारण तो मला फार आवडला.

प्रश्न (बीएच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी) : सर, आमच्या नोट्समध्ये कंटेनमेंटची व्याख्या एका ओळीत आहे, 'साम्यवादाचा प्रसार रोखण्याचे अमेरिकेचे धोरण'. पण रोखणं म्हणजे नेमकं काय करणं? युद्ध करायचं नव्हतं, मैत्रीही ठेवायची नव्हती, मग मधलं काय?

उत्तर : अगं, हाच तर खरा प्रश्न आहे. फेब्रुवारी १९४६ मध्ये मॉस्कोच्या अमेरिकन वकिलातीत जॉर्ज केनन नावाचा अधिकारी ताप, सर्दी, सायनस आणि दातदुखीने अंथरुणात पडलेला. वॉशिंग्टनहून विचारणा आली की हे रशियन लोक जागतिक बँक आणि नाणेनिधीत यायला का तयार नाहीत, असे वागतात तरी का. केनन कित्येक महिने हेच सांगायला बघत होता पण कोणी ऐकत नव्हतं, त्यामुळे आता विचारलंच आहे तर सगळं सांगून टाकू म्हणून त्याने पडल्या पडल्या सेक्रेटरीला मजकूर सांगितला आणि २२ फेब्रुवारीला हजारो शब्दांची तार गेली, पाच भाग पाडून, कारण एकगठ्ठा एवढी मोठी तार बघून लोक दचकले असते.

त्यात त्याने काय म्हटलं ते थोडक्यात सांगतो. सोव्हिएत नेत्यांना बाहेरच्या जगाची जी भीती वाटते ती रशियात फार जुनी आहे, त्यांना युक्तिवाद करून पटवता येणार नाही, पण समोर ताकद दिसली की ते मागे सरतात, हिटलरसारखे वेळापत्रक ठरवून चालत नाहीत. म्हणून युद्धाची गरज नाही. आणि जो समाज आतून आजारी आहे तिथेच साम्यवाद पोसला जातो, तेव्हा आधी आपलं घर निरोगी ठेवा. पुढे जुलै १९४७ मध्ये हेच त्याने 'एक्स' या टोपणनावाने एका नियतकालिकात मांडलं आणि कंटेनमेंट हा शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला.

तर मधलं म्हणजे काय, तर बांध घालून वाट बघणं. पाणी आलं म्हणून कोणी नदीवर चाल करून जात नाही, बांध मजबूत करतो. केननचा अंदाज होता की सोव्हिएत व्यवस्था आतल्या कमजोरीनेच कधीतरी ढासळेल किंवा मवाळ होईल, तोवर धीर धरायचा. परीक्षेत व्याख्या लिहिशीलच, पण हा 'धीर' शब्द विसरू नकोस, पुढे सगळा घोटाळा तो सुटल्यामुळे झालाय असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : मार्शल योजना म्हणजे अमेरिकेचा मोठेपणा की स्वतःचा माल खपवायची युक्ती? दोन्ही बाजूंनी वाचलंय, तुम्ही काय म्हणाल?

उत्तर : दोन्ही होतं, आणि दोन्ही होतं म्हणूनच ती चालली.

१९४६-४७ चा हिवाळा युरोपात भयंकर गेला, कोळसा नाही, धान्य नाही, रेल्वे मोडलेल्या. फ्रान्स आणि इटलीत कम्युनिस्ट पक्ष मे १९४७ पर्यंत चक्क सरकारात होते, आणि ते काही मॉस्कोने पाठवलेले नव्हते, लोकांनी मतं देऊन निवडलेले. त्यात फेब्रुवारी १९४७ मध्ये ब्रिटनने कळवलं की ग्रीस आणि तुर्कस्तानला मदत द्यायला आता आमच्याकडे पैसे नाहीत. १२ मार्चला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रुमनने काँग्रेसपुढे जाऊन त्या दोन देशांसाठी ४० कोटी डॉलर मागितले, जूनमध्ये परराष्ट्रमंत्री मार्शलने हार्वर्डच्या भाषणात सगळ्या युरोपसाठी मदतीची कल्पना मांडली. एप्रिल १९४८ मध्ये कायदा झाला, पुढच्या चारेक वर्षांत १६ देशांना साधारण १३ अब्ज डॉलर गेले. (पुढे पश्चिम जर्मनीही त्यात आली.)

पैसा कसा फिरायचा ते बघा, हे सहसा कोणी सांगत नाही. समजा फ्रान्समधल्या शेतकऱ्याला ट्रॅक्टर हवाय. तो अमेरिकेतून यायचा, कंपनीला डॉलर अमेरिकन सरकार द्यायचं, म्हणजे तिकडे कारखाना चालू राहिला, हा त्यांचा फायदा. पण शेतकऱ्याला तो फुकट नव्हता, तो फ्रँकमध्ये पैसे भरायचा, आणि ते फ्रँक अमेरिकेला न जाता फ्रेंच सरकारच्या एका वेगळ्या खात्यात जमा व्हायचे आणि अमेरिकेच्या संमतीने त्याच देशात वीजकेंद्रं, रेल्वे, खाणी यांत घातले जायचे. म्हणजे एकाच डॉलरने दोनदा काम केलं. ज्याने कोणी हे डोकं लढवलं त्याला मी मनापासून मानतो.

मदत सोव्हिएत युनियनलाही देऊ केलेली. त्यांचा परराष्ट्रमंत्री मोलोतोव्ह मोठं शिष्टमंडळ घेऊन पॅरिसला आला आणि काही दिवसांत निघून गेला. चेकोस्लोव्हाकियाने तर आधी होकार दिलेला, पण स्टालिनने त्यांच्या नेत्यांना मॉस्कोला बोलावून तो मागे घ्यायला लावला. त्या देशाच्या वाट्याला पुढची ४० वर्षं काय आलं ते आठवलं की वाईट वाटतं.

पण सगळंच उजळ नव्हतं. एप्रिल १९४८ च्या इटलीच्या निवडणुकीत सीआयए या अमेरिकन गुप्तचर संस्थेने ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाला गुपचूप पैसे पुरवले. ते जिंकलेही, आणि तिथून या लोकांना चोरवाटेची सवय लागली ती लागलीच.

प्रश्न (इयत्ता सातवी) : काका, बर्लिनला विमानाने जेवण पोचवलं असं पुस्तकात आहे. अख्ख्या शहराला विमानाने कसं पोचवणार? आणि रशियाने विमानं पाडली का नाहीत?

उत्तर : बाळा, तेव्हा मोठमोठ्या लोकांनाही हे अशक्यच वाटलं होतं. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्सच्या ताब्यातल्या पश्चिम बर्लिनमध्ये २० लाखांहून जास्त माणसं आणि चारी बाजूंनी सोव्हिएतांच्या ताब्यातला प्रदेश. जून १९४८ मध्ये सोव्हिएतांनी रस्ते, रेल्वे, कालवे सगळं बंद केलं. पण एक गंमत होती, रस्त्याबद्दल पक्का लेखी करार नव्हता आणि हवाई मार्गांबद्दल मात्र १९४५ चा लेखी करार होता, तीन पट्टे ठरलेले. ते अडवायचे तर विमानं पाडावी लागणार, आणि पाडली की युद्ध सुरू करण्याचा दोष स्वतःवर येणार. म्हणून पाडली नाहीत.

जेवणापेक्षा कोळसाच जास्त न्यावा लागला, उष्णता आणि विजेसाठी. बटाटे वाळवून न्यायचे म्हणजे वजन कमी. विमानं तीन-तीन मिनिटांच्या अंतराने, आणि नियम असा की वैमानिकाला पहिल्या प्रयत्नात उतरता आलं नाही तर घिरट्या घालायच्या नाहीत, माल घेऊन सरळ परत जायचं, नाहीतर मागची सगळी रांग कोलमडते. असं ते चालत राहिलं, मे १९४९ मध्ये सोव्हिएतांनी नाकेबंदी उठवली तरी साठा करायला आणखी काही महिने विमानं येत होती. सगळा मिळून २३ लाख टन माल. यात अपघातांत सत्तरच्या आसपास ब्रिटिश आणि अमेरिकन माणसं गेली, आणि ज्या शहरावर तीनच वर्षांपूर्वी यांनी बॉम्ब टाकलेले त्याच शहरासाठी गेली.

आणि हे खास तुझ्यासाठी. गेल हॅल्वरसन नावाचा एक वैमानिक विमानतळाच्या कुंपणापाशी जमलेल्या मुलांशी बोलत होता, त्याच्या खिशात च्युइंगगमच्या फक्त दोन कांड्या. त्याने त्या मोडून दिल्या, कोणी हिसकाहिसकी केली नाही, ज्यांना गम मिळालं नाही त्यांनी वरचा कागद फाडून वाटून घेतला आणि त्याचा नुसता वास घेतला. ते बघून त्याने सांगितलं, उद्या विमानातून टाकतो, माझं विमान पंख हलवेल त्यावरून ओळखा. मग रुमालांच्या छोट्या पॅराशूटला चॉकलेटं बांधून तो टाकायला लागला, परवानगी न घेता. पकडला गेला तेव्हा वरिष्ठांनी शिक्षा द्यायच्या ऐवजी ते सगळ्यांनाच करायला लावलं.

प्रश्न : अमेरिका कम्युनिस्टांच्या विरोधात होती तर युगोस्लाव्हियाच्या कम्युनिस्ट टिटोला पैसा आणि शस्त्रं कशी दिली?

उत्तर : कारण १९४८ मध्ये टिटोचं स्टालिनशी फाटलं. सुरुवातीला धोरण मॉस्कोची सत्ता पसरू नये असं होतं, मार्क्सचं पुस्तक वाचणारा प्रत्येक माणूस शत्रू असं नव्हतं. याचा फायदाही लगेच दिसला, जुलै १९४९ मध्ये टिटोने ग्रीसची सीमा बंद केली आणि तिथल्या कम्युनिस्ट बंडखोरांचा आसराच गेला. हे शहाणपण आशियात का वापरलं नाही, ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न (निवृत्त शिक्षक) : आपण अमेरिकेचे कौतुक फार करता. इराण, ग्वाटेमाला, व्हिएतनाम येथे काय केले तेही लिहा. साम्यवाद रोखण्याच्या नावाखाली गरीब देशांचे स्वातंत्र्यच चिरडले ना?

उत्तर : सर, आपला राग रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही.

इराणचे पंतप्रधान मोसाद्देक कम्युनिस्ट नव्हते. त्यांनी १९५१ मध्ये ब्रिटिश कंपनीच्या ताब्यातलं तेल राष्ट्रीय केलं एवढाच गुन्हा. उद्या तिथले कम्युनिस्ट याचा फायदा घेतील असं म्हणत ऑगस्ट १९५३ मध्ये सीआयए आणि ब्रिटिशांनी मिळून त्यांना पाडलं. सीआयएने स्वतःच्या कागदपत्रांतून हे उघड मान्य केलं ते २०१३ मध्ये, ६० वर्षांनी.

ग्वाटेमालाचं तर ऐकून आजही चीड येते. राष्ट्राध्यक्ष आर्बेन्झ निवडून आलेले, १९५२ च्या कायद्याने त्यांनी मोठ्या मालकांची पडीक जमीन भूमिहीनांना द्यायला सुरुवात केली. भरपाई किती, तर मालकाने कर भरताना स्वतः जी किंमत लिहून दिली तेवढी. युनायटेड फ्रूट कंपनीने कर वाचवायला किंमत पाडून लिहिलेली, त्यामुळे हिशोब सव्वासहा लाख डॉलरच्या आसपास आला आणि मागणी झाली दीड कोटीच्या वर, ती मागणी कंपनीच्या वतीने खुद्द अमेरिकन सरकारने केली. परराष्ट्रमंत्री डलेस ज्या वकिली फर्ममध्ये होते तिने आधी याच कंपनीचं काम केलेलं. आर्बेन्झच्या भोवती कम्युनिस्ट सल्लागार होते आणि १९५४ मध्ये चेकोस्लोव्हाकियातून शस्त्रं आली हेही खरं, पण जून १९५४ मध्ये त्यांना घालवून मिळवलं काय? १९६० ते १९९६ असं ३६ वर्षांचं यादवी युद्ध, साधारण दोन लाख माणसं मेली किंवा बेपत्ता, त्यात बहुतेक माया आदिवासी.

आणि व्हिएतनाम. २ सप्टेंबर १९४५ ला हनोईत व्हिएतनामी नेते हो ची मिन्ह यांनी स्वातंत्र्याची घोषणा केली ती अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातल्या वाक्याने. त्याच्या थोडंच आधी अमेरिकन गुप्तचर खात्याची एक तुकडी जंगलात त्यांच्या लोकांना शिकवत होती, आजारी हो ची मिन्हना औषधं देत होती. त्यांनी ट्रुमनला पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. ते कम्युनिस्ट होतेच, त्यात वाद नाही, पण त्यांचं मूळ भांडण तिथे राज्य करणाऱ्या फ्रेंचांशी होतं. अमेरिकेने फ्रेंचांचा खर्च उचलला, एप्रिल १९५४ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरने एक सोंगटी पडली की रांगेतल्या सगळ्या पडतात, तसे देश एकामागून एक कम्युनिस्ट होतील, ते उदाहरण दिलं, आणि त्या सोंगट्यांपायी पुढे ५८ हजारांवर अमेरिकन आणि लाखो लाखो व्हिएतनामी गेले. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, दुसरं काय म्हणायचं. १९७५ मध्ये लाओस, कंबोडिया पडले पण थायलंड, मलेशिया जागेवर राहिले, आणि १९७९ मध्ये कम्युनिस्ट चीनच कम्युनिस्ट व्हिएतनामवर चालून गेला. साम्यवाद म्हणजे एकच राक्षस नव्हता हे तेव्हा तरी सगळ्यांना दिसलं.

मग आधी का दिसलं नाही? याचं एक कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. चीन जाणणारे जाणकार अधिकारी त्यांच्याकडे होते, जॉन सर्व्हिस, जॉन पॅटन डेव्हिस. चीनचा तेव्हाचा सत्ताधारी चँग कै-शेक कम्युनिस्टांपुढे हरणार हे त्यांनी आधीच कळवलेलं. १९४९ मध्ये तसंच झालं आणि लगेच यांच्यावरच संशय, १९५० पासून सिनेटर मॅकार्थीने परराष्ट्र खात्यात कम्युनिस्ट घुसलेत म्हणून रान उठवलं, सर्व्हिस १९५१ ला, डेव्हिस १९५४ ला बाहेर. खरं सांगणाऱ्याची नोकरी जाते हे बघितल्यावर खात्यातलं दुसरं कोण तोंड उघडणार?

प्रश्न : कोरियाच्या युद्धात भारताचा काही संबंध होता का?

उत्तर : होता, आणि आपलं ऐकलं असतं तर बरं झालं असतं. जून १९५० मध्ये उत्तर कोरियाने हल्ला केला, अमेरिका संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली उतरली आणि सप्टेंबरअखेर आक्रमण मोडून काढलं. तिथे थांबायला हवं होतं, बांध घालून झाला होता. पण दोन कोरियांमधली ३८ अक्षांशाची रेषा ओलांडून उत्तरही घ्यायचं ठरू लागलं. २ ऑक्टोबरच्या मध्यरात्रीनंतर चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय यांनी आपले तिथले राजदूत सरदार पणिक्कर यांना झोपेतून उठवून बोलावून घेतलं आणि सांगितलं की अमेरिकन वर आले तर चीन युद्धात उतरेल. निरोप वॉशिंग्टनला पोचला, पण पणिक्कर चीनच्या बाजूचे म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. त्याच महिन्यात चिनी फौजा आल्या. जुलै १९५३ मध्ये युद्ध थांबलं ते जवळपास सुरुवातीच्याच रेषेवर. मायदेशी जायला नकार देणाऱ्या २२ हजारांवर कैद्यांची जबाबदारी पुढे जनरल थिमय्यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने आणि भारतीय सैन्याने सांभाळली.

प्रश्न : हे सगळं सुरू करून दिलं त्या केननला शेवटी काय वाटलं?

उत्तर : तो तर १९४८-४९ पासूनच अस्वस्थ होता. त्याला राजकीय आणि आर्थिक बांध हवा होता, पुढच्यांनी तो लष्करी केला आणि सगळ्या जगाभोवती घालायला निघाले. कोरियात ३८ अक्षांशाच्या वर जायला त्याचा विरोध होता. फेब्रुवारी १९६६ मध्ये सिनेटच्या समितीपुढे त्याने सांगितलं की आपण व्हिएतनाममध्ये आधीच अडकलो नसतो तर आता तिथे जायचं काही कारण मला दिसलं नसतं. सोव्हिएत युनियन १९९१ मध्ये आतूनच कोसळलं, जवळजवळ त्याने म्हटलं तसं, ते बघायला तो हयात होता आणि २००५ मध्ये १०१ वर्षांचा होऊन गेला.

१९६६ च्या त्या साक्षीचं एक सांगायचं राहिलं. ती टीव्हीवर थेट दाखवायची की नाही यावरून सीबीएस वाहिनीत वाद झाला, वरिष्ठांनी तिच्याऐवजी एका जुन्या विनोदी मालिकेचे भाग पुन्हा लावले, आणि वृत्तविभागाचे प्रमुख फ्रेड फ्रेंडली यांनी त्यावरून राजीनामा दिला.